बीपी वर आलं म्हणजे पेशंट वाचला?

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. त्यात म्हटलंय: हार्ट अटॅकनंतर पेशंट शॉकमध्ये गेला तर बीपी वाढवणारी इंजेक्शनं पुरतात, बीपी वर आलं की धोका टळला, अँजिओप्लास्टीची घाई नको, आधी दोन दिवस औषधांवर स्टेबल होऊ द्या, आणि एका औषधानं भागलं नाही तर आणखी जोरदार औषध मागा. मी आयसीयूत काम करते. असलं काही वाचून घरच्यांनी सही करायला तासभर लावला, तर तो तास पेशंटच्या हृदयातून वजा होतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘बीपी वर आलं की धोका टळला.’ कार्डिओजेनिक शॉकमध्ये हृदयाचा पंप इतका दुबळा पडतो की मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना पुरेसं रक्तच पोचत नाही. मॉनिटरवर वरचा आकडा ७८ असतो, बीपी वाढवणाऱ्या नॉरॲड्रेनालिनचा डोस वाढवला की ९६ होतो. काचेपलीकडचे नातेवाईक तो आकडा बघून जरा सैलावतात. त्याच वेळी मी चादर सारून पाय चाचपते, तर ते गुडघ्यापर्यंत गार. नख दाबून सोडलं तर लाली परतायला चार-पाच सेकंद. लघवीच्या पिशवीत तासाभरात जेमतेम दहा मिली. पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात साठणारं लॅक्टेट चढतंच आहे. औषधानं रक्तवाहिन्या आवळल्या म्हणून दाब वाढला. रक्त पोचायचं तिथे अजून पोचलेलं नाही.

हे माझ्या एकटीचं निरीक्षण नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रायम्फ’ चाचणीत ३९८ रुग्णांवर रक्तवाहिन्या आवळणारं टिलार्जिनिन तपासलं गेलं. त्यानं बीपी खरोखर वाढलं. पण ३० दिवसांत औषध घेणाऱ्यांपैकी ४८ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण वाढलेल्या बीपीनं जीव वाचले नाहीत एवढं नक्की.

‘आधी औषधांवर स्टेबल करा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. अटॅकमुळे शॉक आलेला असताना धमनी बंदच आहे आणि तिच्यावर जगणारा स्नायू मिनिटामिनिटाला मरतोय. तो मरत असताना स्टेबल होणार कसा? नेमका हाच प्रश्न १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शॉक’ चाचणीनं तपासला. ३०२ रुग्ण होते. एका गटात अँजिओप्लास्टी किंवा बायपास सहा तासांच्या आत करायची होती. दुसऱ्यात आधी औषधोपचार, आणि धमनी उघडायचीच झाली तर किमान ५४ तासांनी. ३० दिवसांनी मृत्यूचं प्रमाण ४७ विरुद्ध ५६ टक्के होतं, आणि हा फरक ठामपणे सांगण्याइतका मोठा नव्हता. सहा महिन्यांनी मात्र तेच ५० विरुद्ध ६३ झालं. वर्षाअखेर घाई केलेल्या गटातले ४७ टक्के जिवंत होते, थांबलेल्या गटातले ३४. म्हणजे दर आठ रुग्णांमागे जवळपास एक जीव. इतका फरक पाडणाऱ्या गोष्टी या आजारात फार थोड्या आहेत. पंचाहत्तरीपुढच्यांत त्या चाचणीत हा फायदा दिसला नाही, पण असे रुग्ण त्यात मोजकेच होते. तिथे निर्णय माणूस बघूनच करावा लागतो. आणि शॉक हृदयाच्या स्नायूला सूज आल्यामुळे असेल, तर उघडायला धमनीच बंद नसते. ती वाट वेगळी.

‘जोरदार औषध मागा.’ ही औषधं थकलेल्या हृदयाला चाबूक मारतात. ठोके वाढतात, ऑक्सिजनची मागणी वाढते, ताल बिघडतो. २०१० च्या ‘सोप-२’ चाचणीत डोपामिन हे बीपी वाढवणारं दुसरं औषध घेणाऱ्या २४ टक्के रुग्णांच्या हृदयाचा ताल बिघडला, नॉरॲड्रेनालिनवर १२ टक्क्यांच्या. कार्डिओजेनिक शॉकच्या उपगटात मृत्यूही डोपामिनवर जास्त होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिनची तुलना ५७ रुग्णांवरच थांबवावी लागली, कारण ॲड्रेनालिनवर शॉक आटोक्यातच न येण्याचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसरीकडे ७. हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधांत मिलरिनोन की डोब्युटामिन, या वादात २०२१ च्या चाचणीत ठोस फरक निघाला नाही.

म्हणून औषधं बिनकामाची असं कुणी म्हणू नये. नॉरॲड्रेनालिनशिवाय अनेक पेशंट कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतल्या, टेबलापर्यंत पोचणारच नाहीत. ती वेळ मिळवून देतात, आणि तो वेळ धमनी उघडण्यात लागला पाहिजे.

धमनीतून हृदयात बसवायच्या छोट्या पंपाबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. २०२४ च्या ‘डॅन्जर शॉक’ चाचणीत त्यानं १८० दिवसांतले मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आले. पण ते निवडक रुग्ण होते, आणि रक्तस्रावासारखे त्रासही बरेच वाढले. सरसकट सगळ्यांना एक्मो, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळून ते परत सोडणारं मशीन, लावून मात्र २०२३ च्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत.

तुमचं माणूस या अवस्थेत असेल तर बीपी किती झालं हे जरूर विचारा, पण त्याआधी विचारा: धमनी कधी उघडणार? इथे कॅथलॅब नसेल तर कुठे आहे, आणि गाडी कधी निघतेय?