जीभ टेकलेली असली तरी सूर वाकतो

माउथ ऑर्गन शिकायला लागलं की थोड्याच दिवसांत एक सल्ला कानावर येतो. तो साधारण असा: "टंग ब्लॉकिंग करताना बेंड निघत नाही. जीभ वाद्याला चिकटलेली असते, मग सूर वाकवणार कशाने? बेंड हवा असेल तर ओठांचा चंबू करून वाजवा. टंग ब्लॉक ऑक्टेव्ह (एकच स्वर दोन सप्तकांत एकदम) आणि ताल यांच्यापुरता ठेवा. वरच्या होलांचे ब्लो बेंड तर त्याने अशक्यच." हे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की माणूस प्रयत्नच करत नाही. मीही हे बराच काळ खरं मानलं आणि त्यात माझे बरेच महिने गेले. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे.

आधी पद्धत थोडक्यात. बेंड म्हणजे वाजत असलेला सूर वाकवून खाली उतरवणं. दहा होलांच्या डायटॉनिक माउथ ऑर्गनवर तोंडात साधारण चार होलं घ्यायची, डावीकडच्या तिन्हींवर जीभ टेकवायची आणि उजव्या कडेने एकच होल वाजवायचं. हे झालं टंग ब्लॉकिंग. ओठ गोल करून, जीभ मोकळी ठेवून एक होल वाजवणं म्हणजे पकर.

आता मुख्य मुद्दा: जीभ अडकलेली असते. अडकलेलं असतं ते फक्त जिभेचं टोक. बेंड टोकाने होतच नाही, तो जिभेच्या मधल्या आणि मागच्या भागाने होतो. खात्री करायला वाद्यसुद्धा लागत नाही. जिभेचं टोक खालच्या ओठावर टेकवून ठेवा आणि "का, गा" म्हणा. स्वच्छ म्हणता येतं. "या" आणि "ई"ही म्हणता येतात. आता टोक तसंच ठेवून "टा, डा" म्हणून पाहा. जमणार नाही. आपल्या वर्णमालेत हे सगळं आधीच मांडून ठेवलं आहे: टंग ब्लॉकमध्ये मूर्धन्य आणि दंत्य जागा बंद होतात, कंठ्य आणि तालव्य जागा मोकळ्या राहतात. आणि बेंडला लागतात त्या नेमक्या याच दोन जागा.

त्या का लागतात, हे रीडच्या, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पातीच्या, कामावरून कळतं. सी पट्टीच्या वाद्यात चौथ्या होलात फुंकलं (ब्लो) की सा, ओढलं (ड्रॉ) की रे. तोंडातल्या पोकळीचा आकार साधा असेल तर ओढताना रे ची रीड बोलते. जिभेचा कणा उचलून किंवा मागे घेऊन पोकळी बदलली की त्याच होलातली सा ची रीडही थरथरू लागते, आणि दोघींच्या मधला कोमल रे ऐकू येतो. बेंड जितका खोल, तितकं काम ब्लो रीडकडे सरकतं. रॉबर्ट जॉन्स्टन यांनी १९८७ मध्ये आणि हेन्री बान्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केले. दोन रीड्सची ही जोडी आणि वाजवणाऱ्याच्या तोंडातली पोकळी, या दोन गोष्टी समजल्या की बेंडचं कोडं सुटतं. जिभेचं टोक कुठे टेकलं आहे हे रीडला कळत नाही. तिला कळतो तो हवेच्या पोकळीचा आकार.

मग इतक्या लोकांना हा अनुभव का येतो? अनुभव खोटा नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ज्याने पकरवर बेंड शिकला आहे, त्याचं टोक जिभेच्या कण्याबरोबर मागे जायला सरावलेलं असतं. तोच माणूस टंग ब्लॉक धरून बेंड करायला गेला की टोक सवयीने मागे सरकतं, शेजारची होलं उघडतात आणि एका सुराऐवजी तीन-चार सूर एकदम वाजतात. किंवा टोक निसटू नये म्हणून तो जीभ दाबून धरतो, संपूर्ण जीभ ताठ होते आणि मागचा भाग हलतच नाही. दोन्ही वेळा तो म्हणतो, "बघा, होत नाही." माझं दुसऱ्या प्रकारचं होतं. जीभ इतकी दाबायचो की वाजवून झाल्यावर तिच्यावर होलांचे ठसे दिसायचे. दाब कमी केल्यावर आठवड्याभरात चार ड्रॉ, म्हणजे चौथं होल ओढून येणारा सूर, थोडासा झुकला.

जमवायचं कसं, तेही सांगतो. वाद्य तोंडात खोल घ्या, मागची बाजू किंचित वर. जिभेची अगदी अणी नको, अणीच्या जरा मागचा सपाट, सैल भाग होलांवर टेकू द्या. हवा निसटणार नाही इतपतच दाब हवा. नाक बंद आहे ना, ते पाहा, कारण नाकातून हवा गेली तर बेंड उभाच राहत नाही. मग चार ड्रॉ लांब ओढा आणि ओठ न हलवता आतल्या आत "ई"वरून "ऊ"कडे जा, जणू श्वास आत घेत बोलताय. पूर्ण कोमल रे मागू नका. सूर केसभर उतरला आणि परत वर आला, तरी त्या दिवसाचं काम झालं. शेजारचं होल वाजलं की थांबायचं आणि पुन्हा शुद्ध रे पासून सुरू करायचं. बेंड नीट लागतोय का, हे पेटीवर किंवा ट्यूनरवर पडताळून घ्या. कान सुरुवातीला फार उदार असतो.

सल्ल्याला जोडूनच एक उपाय येतो: जोर लावून ओढा म्हणजे वाकेल. याला उत्तर एका ओळीचं आहे. जोराने रीड घुसमटते, वारंवार केलं तर थकते आणि कायमची उतरते. हळू आवाजात बेंड निघत नसेल, तर मोठ्या आवाजात निघालेला बेंड तुमच्या ताब्यात नाही.

ब्लो बेंडचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. आठ, नऊ आणि दहा या होलांवर फुंकून सूर उतरवायचा असतो: आठवर ग चा कोमल ग, नऊवर प चा तीव्र म, दहावर तार सा वरून नी आणि कोमल नी. या उंच सुरांना छोटी पोकळी लागते, म्हणून जीभ जिथे आवळायची ती जागा तालव्याकडे, बरीच पुढे येते, म्हणजे टेकलेल्या टोकाच्या अगदी मागे. तिथे हालचालीला जागा खरोखर कमी असते. हे कठीण आहे, हे मी मान्य करतो. अशक्य नाही. "ई"कडून "य"कडे सरकताना जिभेचा पुढचा भाग टाळूला जवळजवळ लागतो, ती जाणीव पकडायची. सुरुवात जी किंवा ए अशा खालच्या पट्टीच्या वाद्यावर करा, तिथे वरची होलं बरीच समजूतदारपणे वागतात. सी वर प्रयत्न करून हरलेले पुष्कळजण जी वर एकदा तरी करून बघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

"आधी पकर पक्का करा, टंग ब्लॉक नंतर" यावर माझं मत थोडं वेगळं आहे. पकरवर पहिला बेंड बहुतेकांना लवकर मिळतो, आणि पकर कमी दर्जाचा मुळीच नाही. वादक हॉवर्ड लेव्ही यांनी ओव्हरब्लोच्या, म्हणजे फुंकून नेहमीपेक्षा वरचा सूर काढण्याच्या तंत्राच्या, जोरावर डायटॉनिकवर सगळे स्वर वाजवून दाखवले, आणि तेही पकरने. जलद "ट-क" असे आघात करायलाही मोकळी जीभच बरी. पण टोक मागे नेण्याची सवय वर्षभर घट्ट करायची आणि मग ती मोडायची, यात दुप्पट कष्ट आहेत. माझ्या मते पहिल्या महिन्यापासून दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी कराव्यात, दहा मिनिटं ही, दहा मिनिटं ती.

आणि शिकागो ब्लूज ऐका. लिटल वॉल्टर, बिग वॉल्टर हॉर्टन, पुढच्या पिढीतले किम विल्सन: यांच्या वादनात टंग ब्लॉकचे ऑक्टेव्ह आणि स्लॅप जागोजागी ऐकू येतात. जो फिलिस्को तर अनेक वर्षं हीच पद्धत शिकवत आले आहेत. स्लॅपमध्ये क्षणभर पूर्ण कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम, वाजतो, जीभ होलांवर आपटते आणि एकच सूर उरतो. तो उरलेला सूर वाकलेला हवा असेल, तर जीभ टेकलेली असतानाच वाकवणं हा सर्वात सरळ रस्ता आहे.

याचं सगळ्यात मोठं फळ तीन ड्रॉवर मिळतं. या वाद्याच्या मंद्र सप्तकात म आणि ध ठेवलेलेच नाहीत. म दोन ड्रॉ वाकवून काढायचा, आणि ध तीन ड्रॉ वाकवून. तीन ड्रॉ हे सर्वात खोल जाणारं होल: नी, कोमल नी, ध, कोमल ध. पायऱ्या इतक्या जवळ की पाय घसरतो. चार ड्रॉ स्थिर झाला की इथे या. जबडा थोडा खाली सोडा, कारण या सुरांना मोठी पोकळी लागते. आधी एक, दोन, तीन ही ड्रॉ होलं एकत्र वाजू द्या, मग जीभ आपटून फक्त तीन ठेवा आणि त्याच श्वासात ध पर्यंत उतरा. कॉर्डचा आवाज अजून हवेत असतो आणि त्याच्याखालून मींड जाते. चंबू केलेल्या ओठांनी असं वाजवायला गेलात, तर कॉर्ड आणि वाकलेला सूर यांच्यामध्ये ओठांना आकार बदलावा लागतो, आणि ती फट कानाला जाणवते.