एच-इंडेक्स बघून मनोविकारतज्ज्ञ ठरवू नका

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. मनोविकारतज्ज्ञाचं नाव गूगल स्कॉलरवर (संशोधनाचे पेपर शोधायची गूगलची साइट) टाका. एच-इंडेक्स (पेपर आणि त्यांना मिळालेल्या सायटेशनवरून निघणारा आकडा) २० च्या खाली असेल तर डॉक्टर बदला. प्रत्येक सायटेशन (दुसऱ्या पेपरात दिलेला संदर्भ) म्हणजे आणखी एका शास्त्रज्ञाची मान्यता. सरकारी मनोरुग्णालयातल्यांचे पेपरच नसतात, तिकडे जाऊ नका. हे वाचून घोडबंदर रोडवरच्या माझ्या मावशीने, लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असताना, डॉक्टर सोडायचं मनावर घेतलंय. म्हणून हे लिहावं लागतंय.

‘सायटेशन म्हणजे मान्यता’ हे साफ खोटं आहे. २००३ साली ‘सायन्स’मध्ये कॅस्पी आणि सहकाऱ्यांचा पेपर आला: सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा आखूड प्रकार असेल, तर आयुष्यातल्या आघातांनंतर नैराश्याची शक्यता वाढते. त्याला हजारो सायटेशन मिळाली, त्यावर कित्येकांची करिअर उभी राहिली. २०१९ मध्ये बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’त हे जनुक आणि अशीच गाजलेली इतर मिळून १८ जनुकं तपासली, ६२ हजारांपासून ४ लाख ४३ हजारांपर्यंत माणसांच्या नमुन्यांवर. नैराश्याशी त्यांचा संबंध कुठल्याही इतर जनुकांपेक्षा जास्त निघाला नाही, ताण जमेस धरूनही नाही. सुरुवातीचे बहुतेक अभ्यास छोट्या नमुन्यांवरचे होते आणि ‘संबंध सापडला’ म्हणणारे निकालच जास्त छापले जात होते. तरी जुन्या पेपरची सायटेशन एकानेही कमी झाली नाहीत. खोडून काढणाऱ्यालाही मूळ पेपरचा संदर्भ द्यावाच लागतो, आणि आकडा वाढतो.

शिवाय हॅमिल्टन यांची १९६० सालची नैराश्यमापन पट्टी घ्या. ती वापरणारा प्रत्येक अभ्यास तिचा संदर्भ देतो. तो साधनाचा वापर झाला, मान्यतेचा प्रश्नच येत नाही.

एच-इंडेक्स हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला: पाच पेपरांना प्रत्येकी किमान पाच सायटेशन असतील तर एच ५, सहांना प्रत्येकी किमान सहा असतील तर ६. सहा पेपरांना ४०, २५, ९, ६, ५ आणि ३ सायटेशन असतील तर एच ५. पहिल्याला ४०च्या जागी ४००० मिळाली तरी ५च. शंभर लेखकांच्या पेपरची सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होतात. वय वाढेल तसा आकडा वाढतो, कधीच उतरत नाही. २० ही रेघ कुणी आखली, हे फॉरवर्डमध्ये नाही.

सरकारी डॉक्टरांबद्दलचं वाक्य नुसतं अन्यायाचं आहे. दिवसभर ओपीडी बघणाऱ्याचं कौशल्य स्कॉलरच्या पानावर उमटत नाही.

एक मान्य करावं लागेल: आजार दुर्मीळ असेल, औषधं लागू पडत नसतील, तर त्याच विषयावर काम केलेला तज्ज्ञ शोधायला पेपरांची यादी उपयोगी पडते. आकडा नाही, यादी.

लिथियमवरच्या रुग्णाने बघायचं ते वेगळंच. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्तातली पातळी तपासतात का (साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर)? दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करतात का? आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी आणि अंगातलं पाणी कमी झाल्याने पातळी चढते, हे सांगितलंय का? लिथियम एकदम थांबवलं तर मेनिया (अतिउत्तेजनेचा टप्पा) उसळून परत येऊ शकतो. थांबवायचंच ठरलं तर किमान ४ आठवडे, शक्यतो ३ महिने घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीत उतरवतात.

डॉक्टर बदलायचाच असेल तर आधी नव्याची तारीख घ्या, जुने रिपोर्ट आणि चिठ्ठ्या सोबत न्या, नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासा. मधल्या काळात गोळ्या चालू ठेवा. अडचण आली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा.