पिंजऱ्याबाहेर गेला तर मरतो म्हणे

घरच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एकच भांडण चालू आहे. आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरी ओसरीत एक राघू टांगलेला आहे, त्याच्यावरून. नागपूरला शिकणाऱ्या भाच्यानं लिहिलं, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा पोपट पाळता येत नाही, तो वनखात्याच्या स्वाधीन करा. मोठेबाबांचं उत्तर लगेच आलं: "बाहेर सोडला त दोन दिवसात मरन. आपनच त्याचा जीव राखला." खाली सगळ्यांचे अंगठे.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. आता ते ऐकवत नाही.

मी ब्रुसेल्सला राहते. संध्याकाळी ऑफिसातून येताना इक्सेलच्या तळ्यांपाशी ट्रॅममधून उतरले की डोक्यावरून हिरवे थवे ओरडत जातात. तीच लाल चोच, नराच्या गळ्याला तोच कंठ. १९७४ मध्ये इथल्या हेझेल भागात, अॅटोमियम या प्रसिद्ध वास्तूच्या जवळ, मेली नावाचं एक उद्यान होतं. शहरात थोडा रंग यावा म्हणून तिथल्या मालकानं चाळीसेक पोपट सोडून दिले. आज ते हजारोंनी आहेत. जानेवारीत छपरांवर बर्फ असतो, तेव्हाही ते असतात. माझी घरमालकीण बाल्कनीत शेंगदाणे ठेवते आणि हेच येऊन आधी फस्त करतात. पिंजऱ्यातून सुटलेले मरतात, असं मला कोणी सांगू नये.

आणि मोठेबाबांनी तर नाहीच. सुगीत मचाणावर बसून गोफणीनं राघू हाकलण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पूर्वी शिवारभर ज्वारी होती, तेव्हा पाखरं वाटली जायची. सोयाबीन आणि कपाशीनं ज्वारी खाल्ली. आता गावात दोन-चार वावरांतच कणसं उभी असतात आणि सगळ्या शिवारातले थवे तिथंच उतरतात. म्हणून तर लोक ज्वारी पेरायची सोडतात. ज्या पाखराला वावरात आवरता येत नाही, तेच ओसरीत आलं की इतकं दुबळं कसं होतं? शेतातला तो चोर आणि पिंजऱ्यातलं लेकरू, हा हिशेब मला कधी जमला नाही.

इथेही लोक यांच्यावर खूश नाहीत, हे खरं आहे. राघू लवकर, फेब्रुवारी-मार्चमध्येच झाडांच्या ढोल्या धरतात. त्यामुळे ढोलीतच घरटं करणाऱ्या नटहॅचसारख्या इवल्या पक्ष्यांना जागा उरत नाही, असं बेल्जियममधल्याच अभ्यासकांनी दाखवलं आहे. चर्चा निघाली की "परकी, घुसखोर जात" हे शब्द येतात आणि मी गप्प बसते. परवा मात्र कँटीनमध्ये बोलले. म्हटलं, ते स्वतः आले नाहीत, तुम्ही पेट्या भरभरून मागवले. रानातून धरलेले पक्षी बाहेरून आणायला युरोपनं कायमची बंदी घातली ती २००७ मध्ये. नको इतक्या जोरात बोलले. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लांबलचक. एक गोष्ट गाळली. युरोपातले बहुतेक राघू उत्तर भारत आणि पाकिस्तानाकडच्या वंशाचे आहेत, थंडी सोसणारे. आमच्या वर्ध्याकडचे नव्हेत. माझ्या मुद्द्याला ते सोयीचं नव्हतं.

रात्री आईचा फोन आला. आई ग्रुपवर लिहीत नाही, वाचते.

"थे चाळीस जन संगच सुटले नं वं? हा त एकटाच हाय," ती म्हणाली. "अन् याले कुठी उडता येते?"

याले उडता येत नाही ते माझ्यामुळे. बारावीत होते तेव्हा चिंचेच्या ढोलीतून काढलेलं हे पिल्लू मीच घरी आणलं. भिजवलेली हरभऱ्याची डाळ बोटानं भरवली. पिसं फुटली तशी आईच्या शिवणकामाच्या कात्रीनं कापली, पुन्हा आली की पुन्हा कापली. मग मी इकडे आले. आईनं कात्री कधी लावली नाही, पंख भरून आले, पण उडायचं वय निघून गेलं होतं. तो अजून माझ्या नावानं हाक मारतो. आई मला फोनवर ऐकवते. त्या घरात माझी खोली राहिली नाही, तिथं आता तुरीची पोती असतात. राघू गेला तर तिथं माझ्या हातचं काहीच उरणार नाही. चार दिवस मी कायद्याच्या बाजूनं लिहीत होते, आणि तो जाऊ नये असंही मनातून वाटत होतं.

आज सकाळी भाच्याला वेगळा मेसेज केला. द्यायला हरकत नाही, फक्त जिथं नेतील तिथं आणखी राघू आहेत का, मोठ्या जाळीत एकत्र ठेवतात का, हे आधी विचारून घे. नुसतं "सोडून देतो" म्हणाले तर देऊ नकोस.