नॅस्कारला उजवं वळण नवं नाही

गेल्या महिन्यात आमच्या भावंडांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांनी तोच ऑफिसातल्या एका मित्राने पाठवला, आणि मग शाळेच्या ग्रुपवरही आला. मेसेज असा आहे:

"नॅस्कार म्हणजे चाळीस जड गाड्या गोल गोल फिरवायच्या, तेही फक्त डावीकडे. यांना उजवीकडे वळताच येत नाही. प्रेक्षक घटले म्हणून आता कुठे रोड कोर्स आणले. पण या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. न्यूझीलंडचा एक माणूस पहिल्यांदाच आला आणि सगळ्यांना हरवून गेला. पाऊस आला की हे गाड्या झाकून बसतात. आणि ओव्हरटेक तर नाहीच, नुसती ढकलाढकली."

मी मूळचा नाशिकचा, गेली बरीच वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहतो. सोनोमाचा ट्रॅक घरापासून फार लांब नाही. या शर्यतींनी मला इतकं दिलं आहे की हा मेसेज नुसता वाचून सोडून देणं जमलं नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. नॅस्कार ही अमेरिकेतली स्टॉक कार शर्यती भरवणारी संस्था. स्टॉक कार म्हणजे बाहेरून साध्या, छपराच्या मोटारीसारखी दिसणारी, पण शर्यतीसाठी बांधलेली गाडी. ओव्हल म्हणजे लंबगोल ट्रॅक, सगळी वळणं डावीकडे. नॅस्कारच्या बहुतेक शर्यती अशाच ट्रॅकवर होतात, तेवढं मेसेजमध्ये बरोबर आहे. रोड कोर्स म्हणजे डावी-उजवी वळणं, चढउतार, सरळ पट्ट्याच्या शेवटी कचकचून ब्रेक मारायला लावणारे कोपरे.

"आता कुठे रोड कोर्स आणले"

हे साफ चुकीचं आहे. नॅस्कारची स्थापना १९४८ची. १३ जून १९५४ रोजी न्यू जर्सीतल्या लिंडेनच्या विमानतळावर, धावपट्ट्या जोडून केलेल्या दोन मैलांच्या ट्रॅकवर तिच्या सर्वोच्च मालिकेतली (आजची कप मालिका) पहिली रोड कोर्स शर्यत झाली. जिंकला अल केलर, आणि गाडी कोणती? जॅग्वार एक्सके१२०. विदेशी बनावटीच्या गाडीने पुन्हा या मालिकेत शर्यत जिंकायला २००८ साल उजाडलं, तेव्हा ती टोयोटा होती. १९५६मध्ये विस्कॉन्सिनच्या रोड अमेरिकावर टिम फ्लॉक जिंकला. १९५७मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनवर बक बेकर जिंकला. डेटोनाचा तो प्रसिद्ध मोठा ओव्हल १९५९मध्ये सुरू झाला, म्हणजे या तिन्ही शर्यती त्याच्या आधीच्या.

आणि मग रिव्हरसाइड. कॅलिफोर्नियातल्या त्या तापलेल्या, धुळीच्या ट्रॅकवर १९५८पासून १९८८पर्यंत स्टॉक कार धावल्या. बराच काळ नॅस्कारचा मोसम जानेवारीत तिथेच उघडायचा, आणि १९८१ ते १९८६ या वर्षांत मोसमाची शेवटची शर्यतही तिथेच होती. म्हणजे वर्षाचा विजेता जिथे ठरायचा तो ट्रॅक उजव्या-डाव्या वळणांचा होता. डॅन गर्नी तिथे १९६३ ते १९६६ सलग चार वर्षं आणि पुन्हा १९६८मध्ये जिंकला. बॉबी अ‍ॅलिसन सहा वेळा जिंकला, आणि तो अलाबामाच्या ओव्हलवर घडलेला माणूस.

रिव्हरसाइडचं नाव घेतलं की मला जो वेदरली आठवतो. १९६२ आणि १९६३ असा लागोपाठ दोन वर्षांचा चॅम्पियन. १९ जानेवारी १९६४ रोजी तिथल्या सहाव्या वळणावर त्याची गाडी भिंतीला आदळली. खांद्याचा पट्टा त्याने लावला नव्हता आणि खिडकीला जाळी बसवायची पद्धत तेव्हा नव्हती. डोकं खिडकीबाहेर जाऊन भिंतीवर आपटलं आणि तो तिथेच गेला. आज प्रत्येक स्टॉक कारच्या खिडकीला जी जाळी दिसते तिच्यामागे असे अपघात आहेत. ज्या ट्रॅकवर विद्यमान चॅम्पियनने जीव गमावला, त्या परंपरेला "प्रेक्षकांसाठी काढलेलं नवं फॅड" म्हणणं मला खरंच लागतं. आता त्या जागी मॉल आहे.

२०२१मध्ये रोड कोर्सच्या शर्यतींची संख्या ३६पैकी सातवर गेली हे खरं, आणि त्यामागे टीव्हीचा आणि नव्या प्रेक्षकांचा विचार होता हेही खरं. संख्या नवी आहे, प्रकार नवा नाही.

"या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत"

या वाक्यात थोडं तथ्य आहे, आणि नेमकं त्याच तथ्यामुळे मला हा खेळ आवडतो.

२०२१पर्यंतची गाडी बघा. वजन साधारण दीड टन, म्हणजे फॉर्म्युला वनच्या गाडीच्या जवळपास दुप्पट. पुढे ५.८ लिटरचं व्ही-एट इंजिन, मागे ट्रकसारखा एकसंध अ‍ॅक्सल, चार गिअरचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स, १५ इंची लोखंडी चाकं आणि त्या चाकांच्या आत बसतील एवढेच ब्रेक. ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही, वेग घेताना चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही. अशी गाडी ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगातून खाली आणून कोपऱ्यात घालायची म्हणजे पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबायचा, त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला टोला द्यायचा आणि हाताने गिअर खाली घ्यायचा, सगळं एका श्वासात. टोला कमी पडला की मागची चाकं रस्त्यावर उड्या मारायला लागतात. त्याला व्हील हॉप म्हणतात. एकदा ते सुरू झालं की ड्रायव्हरच्या हातात फार काही उरत नाही.

हे मी सोनोमाच्या अकराव्या वळणाजवळ बसून पाहिलं आहे. जून महिना, सगळ्या टेकड्या वाळलेल्या गवताने पिवळ्या, रस्त्यात द्राक्षांचे मळे, त्यामुळे मला तर घरीच आल्यासारखं वाटत होतं. हे वळण म्हणजे जवळजवळ उलटं फिरायला लावणारा हेअरपिन, आणि अर्थातच उजवीकडचा. गाड्या आल्या की आधी इंजिनाचा आवाज तुटतो, मग गिअर खाली येताना दोन-तीन धडाके, मग टायरचा घासल्याचा आवाज आणि शेवटी जळक्या ब्रेकचा वास. साठाव्या-सत्तराव्या लॅपनंतर तो वास हवेतच राहतो. एक गाडी आली ती ब्रेकखाली मागून अशी थरथरली की टपावरचा अँटेना डोळ्यांना दुहेरी दिसला. ड्रायव्हरने ब्रेक किंचित सोडला, गाडी शांत झाली आणि वळली. पुढच्या लॅपला त्याने ब्रेक थोडा लवकर लावला. एवढं शिकायला त्याला एकच फेरी मिळाली होती.

तो दिवस होता २६ जून २०१६चा. टोनी स्टुअर्टचा शेवटचा मोसम. जानेवारीत त्याच्या पाठीचा मणका मोडला होता, मोसमाच्या पहिल्या आठ शर्यती चुकल्या होत्या, आणि त्याआधी ८४ शर्यतींत एकही विजय नव्हता. शेवटच्या लॅपला सातव्या वळणावर तो चुकला आणि डेनी हॅमलिन पुढे गेला. माझ्या शेजारचे आजोबा डोक्यावरची टोपी काढून खाली बसले. मग दोन्ही गाड्या आमच्या समोर आल्या. हॅमलिन किंचित बाहेर गेला, तेवढ्या फटीत स्टुअर्ट आत घुसला, गाडीला गाडी घासली आणि तो पुढे निघाला. कारकिर्दीतला ४९वा आणि शेवटचा विजय, रोड कोर्सवरचा आठवा. आजोबा उभे होते, टोपी हातातच. "बनलेली नाही" अशी ती गाडी होती. अशी गाडी वळवायला माणूस लागतो.

२०२२मध्ये आलेली नवी गाडी वेगळी आहे. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन, पाच गिअरचा सीक्वेन्शियल (क्रमाने एकेक गिअर बदलणारा) गिअरबॉक्स, १८ इंची चाकं, मोठे ब्रेक. त्याच गाडीवरून तयार केलेली कॅमारो २०२३मध्ये फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत खास प्रवेशिका म्हणून उतरली आणि शर्यत पूर्ण केली. म्हणजे आजच्या गाडीबद्दल तर मेसेजमधलं वाक्य तेवढंही खरं नाही.

"न्यूझीलंडचा माणूस आला आणि हरवून गेला"

हो, हरवलं. शेन व्हॅन गिसबर्गन, २ जुलै २०२३, शिकागोचे रस्ते, धो धो पाऊस. पदार्पणातच विजय, १९६३नंतर असं पहिल्यांदाच घडलं. २०२५मध्ये तर त्याने रोड कोर्स आणि रस्त्यांवरच्या सहापैकी पाच शर्यती जिंकल्या. तो या प्रकारात आज सगळ्यांत भारी आहे, यात वाद नाही.

पण यावरून काय सिद्ध होतं? तो आला कुठून ते बघा. ऑस्ट्रेलियाच्या सुपरकार्स मालिकेचा तीन वेळचा चॅम्पियन. तिथेही जड, व्ही-एट इंजिनाच्या, छपराच्या गाड्या, आणि शहरातल्या रस्त्यांवरच्या शर्यती त्याच्या अंगवळणी पडलेल्या. शिकागोत तर कप मालिका पहिल्यांदाच शहराच्या रस्त्यांवर धावत होती. ज्याला ते येतं तो जिंकला. याउलट दोन फॉर्म्युला वन विश्वविजेते, किमी रायकोनेन आणि जेन्सन बटन, २०२३मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनला उतरले. तो ट्रॅक मुळात फॉर्म्युला वनसाठी बांधलेला. बटन १८वा आला, रायकोनेन २९वा. त्याआधी वर्षानुवर्षं संघ रॉन फेलोज, बोरिस सेड, स्कॉट प्रुएट अशा खास रोड कोर्सच्या ड्रायव्हरांना एकेका शर्यतीसाठी बोलवायचे. हे तिघेही अप्रतिम ड्रायव्हर. तिघांपैकी एकालाही कप मालिकेत विजय मिळाला नाही. फेलोज वॉटकिन्स ग्लेनला दोनदा दुसरा आला.

मग जिंकत कोण होतं? जेफ गॉर्डन, रोड कोर्सवर नऊ विजय, १९९७ ते २००० या काळात सलग सहा. हा मुलगा इंडियानाच्या मातीच्या ओव्हलवर शिकला. स्टुअर्टही तिथलाच. उजवं वळण त्यांनी मोठेपणी, मेहनतीने शिकून घेतलं. आपल्याकडचा नारायण कार्तिकेयन २०१०मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरला तेव्हा त्याचा प्रवास नेमका उलटा होता, फॉर्म्युला वनमधून ओव्हलवर. चाहत्यांनी त्याला त्या वर्षीचा सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर निवडलं, पण विजय काही मिळाला नाही. व्हॅन गिसबर्गनलाही ओव्हलवर झगडावं लागतं. दोन्ही विद्या वेगळ्या आहेत, आणि एकीत तरबेज असलेल्याला दुसरी आयती येत नाही.

"पाऊस आला की झाकून बसतात"

मोठ्या ओव्हलवर, हो. तिरक्या, ओल्या ट्रॅकवर गुळगुळीत टायर घेऊन ताशी तीनशेच्या वेगाने जाणं म्हणजे मरण. रोड कोर्सची गोष्ट निराळी. १९५६ची ती रोड अमेरिकाची शर्यत पावसातच झाली होती. ऑगस्ट २००८मध्ये माँट्रिऑलला दुसऱ्या दर्जाच्या मालिकेची शर्यत पावसाळी टायरवर, वायपर लावून झाली आणि फेलोज जिंकला. ऑक्टोबर २०२०मध्ये शार्लटला कप मालिकाही ओल्या टायरवर धावली. मे २०२१मध्ये ऑस्टिनला पाण्याचे फवारे इतके उडाले की पुढची गाडी दिसेना, वाईट अपघात झाले आणि शर्यत आवरती घ्यावी लागली. तिथे ती जास्त वेळ चालू ठेवली असं माझं मत आहे.

"ओव्हरटेक नाही, नुसती ढकलाढकली"

नव्या गाडीने रोड कोर्सवर पुढे जाणं अवघड केलं आहे, हे मी मान्य करतो. ब्रेक इतके चांगले आहेत की सगळे एकाच ठिकाणी, उशिरा ब्रेक लावतात. मग आत घुसायला जागा उरत नाही. ही तक्रार ड्रायव्हरही करतात आणि ती रास्त आहे. पण ती गेल्या काही वर्षांची तक्रार आहे, सत्तर वर्षांच्या इतिहासाला ती लावता येत नाही.

वॉटकिन्स ग्लेन, २०१२, शेवटचा लॅप. ट्रॅकवर कुणाच्या तरी गाडीचं तेल सांडलेलं. काइल बुश पुढे, तो घसरतो, ब्रॅड केसेलोव्स्की त्याला लागतो, बुश फिरतो. आता केसेलोव्स्की आणि टास्मानियाचा मार्कोस अँब्रोस. दोघेही तेलावर घसरत, गवतात जात, एकमेकांना घासत, उजव्या-डाव्या वळणांतून शेवटपर्यंत लढतात आणि अँब्रोस जिंकतो. हा एक लॅप मी कितीदा पाहिला असेन याची मोजदाद नाही.

आणि ३० सप्टेंबर २०१८, शार्लट, ओव्हलच्या पोटात रस्ता घालून केलेल्या ट्रॅकवरची पहिलीच कप शर्यत. सात वेळचा चॅम्पियन जिमी जॉन्सन दुसरा होता. तसाच रेषेपर्यंत गेला असता तरी प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, पुढच्या फेरीत जात होता. पण बरेच दिवस विजय नव्हता, समोर मार्टिन ट्रुएक्स होता आणि शेवटचं वळण बाकी होतं. त्याने उशिरा ब्रेक लावला, चाकं लॉक झाली, तो फिरला आणि ट्रुएक्सलाही घेऊन गेला. तिसरा असलेला रायन ब्लेनी मधून निघून जिंकला. त्याच वेळी मागे काइल लार्सन आधीच्या अपघातात मोडलेली गाडी, फाटलेल्या टायरवर, भिंतीला आपटत रेषेकडे ओढत आणत होता. रेषेच्या अगदी थोडं अलीकडे एक गाडी बंद पडून उभी होती. लार्सन तिला ओलांडून गेला आणि त्याला एक गुण मिळाला. त्या एका गुणाने लार्सन, एरिक अल्मिरोला आणि जॉन्सन तिघांचे गुण सारखे झाले, बरोबरीच्या नियमात जॉन्सन मागे पडला आणि बाहेर गेला.