मागच्या ब्रेक पॅडचा इशारा-दिवा वायर जोडून विझवू नका

धुळे-जळगावकडच्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी थांबवतात ते पुढचे ब्रेक, मागचे पॅड नावालाच. पॅड झिजल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा लागला तर सेन्सरची वायर कापून दोन्ही टोकं एकमेकांना जोडा, सेन्सर म्हणजे कंपनीची पैसे काढायची युक्ती. आणि पॅड बदलायचेच झाले तर सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंजाने) पॅडला ढकलणारा पिस्टन आत दाबा, अर्ध्या तासात घरीच काम होतं. खाली शेरा: 'भाऊ, काही व्हत नही.' हे वाचून खरंच वायर जोडणारी माणसं आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो. मागेही डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांपुरतंच हे बोलणं आहे.

"मागचे पॅड नावालाच." ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे करकचून ब्रेक मारला की पुढची चाकं जास्त काम करतात, इतकं खरं. पण म्हणूनच मागचे पॅड मुळात लहान आणि बऱ्याचदा पातळ दिलेले असतात. त्यात ब्रेकचा जोर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाटणाऱ्या गाड्या हलक्या ब्रेकलाही मागच्या चाकांकडून चांगलंच काम करून घेतात. पुढच्यांच्या आधी मागचे पॅड संपले, असं कितीतरी गाड्यांत होतं. आता आपल्याकडची गाडी बघा. सुट्टी संपवून सुरतेला परत निघालेली, मागे तीन माणसं, डिक्कीत दादर ज्वारीचं पोतं, कळण्याचं पीठ, बिबड्यांचे डबे, भरताची वांगी. मागच्या चाकांवर भार जितका जास्त, तितका ब्रेकचा जोरही तिकडे जास्त जातो. साक्री सोडल्यावर पुढे कोंडाईबारीचा उतार लागतो, तेव्हा हे 'नावाचे' पॅड चांगलेच कामाला लागलेले असतात.

"सेन्सर म्हणजे पैसे काढायची युक्ती." सेन्सर म्हणजे पॅडमध्ये बसवलेली प्लॅस्टिकची बारीक गुंडी, आणि तिच्या आतून वळून परत येणारी तांब्याची तार. पॅड झिजून साधारण तीन मिलिमीटरवर आला की डिस्क या गुंडीला घासू लागते, तार उघडी पडते किंवा तुटते आणि दिवा लागतो. संपलेला सेन्सर हातात घेऊन बघा: टोक तिरपं घासलेलं असतं आणि त्यात तांब्याचे दोन चकचकीत ठिपके दिसतात. तो पुन्हा कामाला येत नाही, म्हणून पॅडबरोबर नवा घालायचा. पॅडच्या मानाने त्याची किंमत किरकोळ असते. कधी पॅड शाबूत असूनही नुसती वायर तुटल्याने दिवा लागतो, हे मान्य. पण ते चाक उघडून बघितल्यावरच कळणार. वायर जोडली की गाडीला पॅड कायम चांगलाच दिसत राहतो. मग पॅडचा मसाला संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कला घासेपर्यंत कोणीच सांगणार नाही, आणि तोवर डिस्कही गेलेली असते. शिवाय बऱ्याच गाड्यांत मागच्या दोनपैकी एकाच चाकाला सेन्सर असतो. म्हणून दिवा लागला नसला, तरी सर्व्हिसिंगला दोन्ही चाकं उघडायला सांगा आणि आतल्या बाजूचा पॅडही बघा. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरून ठेवणाऱ्या भागाच्या, स्लाइड पिना जाम झाल्या की बाहेरचा पॅड जाडच्या जाड राहतो आणि आतला संपतो.

"सी-क्लॅम्पने पिस्टन दाबा." मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. पुढच्या चाकाला हे चालतं, मागे सरसकट चालत नाही. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकची केबल मागच्या कॅलिपरलाच जोडलेली असते आणि पिस्टनच्या आत स्क्रूची यंत्रणा असते. अशा पिस्टनच्या तोंडावर खाचा दिसतात. तो दाबत दाबत फिरवून आत घालावा लागतो, त्यासाठी वेगळं टूल मिळतं. नुसता जोर लावला तर आतली यंत्रणा तुटते, आणि मग पॅडऐवजी अख्खा कॅलिपर घ्यावा लागतो. हँडब्रेक बटणावर असेल तर कॅलिपरवर मोटर बसवलेली असते. तिथे आधी स्कॅनरने किंवा गाडीच्या मेनूतून सर्व्हिस मोड लावून मोटर मागे घ्यायची. ते न करता पिस्टन दाबला तर मोटरच्या दात्यांची वाट लागते, आणि काम चालू असताना कोणी बटण ओढलं तर बोटं चिरडतील. काही गाड्यांत हँडब्रेकचे शू डिस्कच्या आत वेगळे असतात, तिथे मात्र सरळ दाबलेलं चालतं. आपली गाडी यातली कुठली, हे चाक काढण्याआधी माहीत हवं.

हँडब्रेक सोडल्याशिवाय मागचं काम होत नाही, याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. म्हणजे जॅक लावताना गाडीला धरून ठेवणारं काहीच नसतं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, गाडी स्टँडवर घ्या. सुटा केलेला कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा.

"घासलाय तेवढाच पॅड बदला." नाही. दोन्ही मागच्या चाकांचे चारही पॅड एकदम बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

"ऑइल कमी दिसलं तर भरून टाका." पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात, म्हणून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरते. तेव्हा ऑइल भरलं, तर नवे पॅड घालताना ते उतू जातं आणि रंग खातं. बघायचं असेल तर ऑइलचं वय बघा. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत तरी उकळत नाही. हवेतला ओलावा शोषला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. वेरूळहून येताना कन्नड घाटात चाळीसगावकडे ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात, तर जुनं ऑइल उकळून पेडल पोचट होऊ शकतं. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, आणि ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला.

"बसवले की लगेच करकचून ब्रेक मारून बघा." आधी गाडी जागेवर उभी असतानाच पेडल कडक होईपर्यंत दाबा, कारण पिस्टन मागे गेलेले असतात आणि पहिलं पेडल तळाला जातं. मग मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवा, गाडी पूर्ण न थांबवता. मध्ये थोडं चालवून ब्रेक गार होऊ द्या, आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर शक्यतो घाट टाळा.