खुलासा: ‘कोसला’तला पांडुरंग आत्महत्या करत नाही

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतंय: ‘कोसला ही नेमाड्यांची खरी डायरी, शेवटी मुलगा आत्महत्या करतो, पोरांना देऊ नका.’

दोन्ही चूक. ‘कोसला’ ही भालचंद्र नेमाड्यांची १९६३ची कादंबरी आहे. त्यात डायरीची पानं आहेत, निवेदन ‘मी’चं आहे, लेखकही तेव्हा पंचविशीतला, घोटाळा तिथेच होत असावा. पांडुरंग सांगवीकर पुण्यात कॉलेजला जातो, मेस-वसतिगृहात पैसे उधळतो, धाकटी बहीण गमावतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. जिवंत.

आपल्याला नक्की काय हवंय, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही, एवढंच. (नारायण बागेतल्या कट्ट्यावर तरी कुणाला कळलंय?) माझ्या भाचीला मी परवाच दिली.