पास मागू नका, तिकीट काढून या

परवा शनिवारी रात्री आपल्या नागपुरात धरमपेठेतल्या एका कॅफेच्या वरच्या माळ्यावर चार बँड ऐकले. खुर्चीवर बसून, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. साउंडच्या धंद्यात 27 वर्षं झाली मला. वडिलांनी सक्करदऱ्यात टाकलेलं मंडप-लाउडस्पीकरचं दुकान आता मी चालवतो. लग्न, गणपती, नवरात्र, जयंती, सभा, शाळांचे गॅदरिंग, सगळीकडे आमचा सामान जातो. पण आपण लावलेल्या सामानातून येणारं गाणं निवांत बसून ऐकणं आमच्या नशिबी फार कमी वेळा येतं. तेव्हापासून डोक्यात बरंच काही सुरू आहे. पोस्ट लांब झाली आहे, पण वाचा.

कार्यक्रम कॉलेजातल्या पाच-सहा पोट्ट्यांनी मिळून केला होता. माझी मुलगी त्यांच्यातच. "बाबा, दोन टॉप, एक बेस, मिक्सर आणि आठ माइक लागतात, भाडं सांगा," असं रीतसर विचारायला ती मित्रांना घेऊन दुकानात आली. (टॉप म्हणजे वरचे स्पीकर, बेस म्हणजे खालच्या जाड आवाजाचा.) मी भाडं सांगितलं आणि पूर्ण घेतलं. घरचं काम म्हणून सोडून दिलं असतं तर पुढच्या वेळी त्यांनी दुसऱ्या साउंडवाल्यालाही फुकट मागितलं असतं आणि तिसऱ्या वेळी कार्यक्रमच झाला नसता. मिक्सरवर माझा पोरगा बसला, म्हणून मी मोकळा होतो.

एक बँड पुण्याहून आला होता. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे हिवाळी अधिवेशन. सिव्हिल लाइन्सकडे बॅरिकेड, हॉटेलात खोली मिळायची सोय नाही. चौघं जण त्रिमूर्तीनगरात एकाच्या घरी उतरले, त्याच्या आईनं दुपारी पाटवडी रस्सा केला होता. संध्याकाळी साउंडचेकला आले तेव्हा त्यातला बास गिटारवाला अजून पाणीच पीत होता.

हॉल जेमतेम पंचवीस बाय चाळीस फुटांचा. खिडक्यांना आतून गाद्या बांधलेल्या, जमिनीवर सतरंज्या. साउंडचेकच्या वेळी झांजा कानात घुसत होत्या, ड्रमची प्रत्येक थाप भिंतीवर आपटून परत येत होती. पोट्टे घाबरले. मी म्हटलं, थांबा, माणसं येऊ द्या. हे आमच्या धंद्यातलं जुनं गणित आहे. माणसाचं अंग आणि अंगावरचे कपडे वरचे, धारदार सूर सगळ्यात जास्त पितात. त्यात डिसेंबर, म्हणजे सगळे स्वेटर-जॅकेट घालून आलेले. रात्री आठला सत्तर माणसं बसली आणि तीच खोली एकदम मऊ झाली. मिक्सरवरचा एकही फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, हलवावी लागली नाही.

तिसरा बँड आपल्या नागपूरचा. गाणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, सोबत गिटार, बास आणि ड्रम. तिनं वऱ्हाडीत स्वतः लिहिलेलं गाणं म्हटलं. मे महिन्याची दुपार, रात्रपाळी करून आलेली आई झोपली आहे आणि घरातली पोरं तिची झोप मोडू नये म्हणून पायाचा आवाज न करता वावरतात. घरात आवाज फक्त कूलरचा. "पंप सुरू हाये, टाकीत पानी नाही," ही ओळ फिरून फिरून येते. ड्रमवाल्यानं काड्या ठेवून दिल्या आणि तारांचे ब्रश घेतले. ब्रश ड्रमवर नुसते गोल गोल घासत होता, आणि शपथ घेऊन सांगतो, वाळ्याच्या ताट्यांवरून झिरपणाऱ्या पाण्याचाच आवाज होता तो. पुढे एक कडवं ती अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणते. त्याच्या आधी ड्रमवाल्यानं डाव्या हातानं स्नेअरचा, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमचा, खटका खाली पाडला. स्नेअरच्या बुडाला तारा असतात, बास वाजला की त्या आपोआप खरखरतात. एवढी बारीक खरखरही तिच्या शब्दांच्या आड येऊ नये म्हणून त्या पोरानं तो खटका पाडला. आमच्याकडे लग्नात वाजवणारे भले भले ड्रमवाले एवढं करत नाहीत, कारण तिथे ऐकणारं कोणी नसतं. मला त्या क्षणी भरून आलं.

गाणं संपलं आणि मागून एक जण ओरडला, "अरे यार, कुछ पहचान का बजाओ!" पोरगी रागावली नाही. माइकवरच म्हणाली, "दादा, तीनदा ऐकाल तर हे पण ओळखीचं होईल."

माझं म्हणणं सगळं तिच्या त्या एका वाक्यात आहे.

आपण नागपूरकर ओळखीचं सोडून काही ऐकायलाच तयार नाही, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वडिलांसोबत मी लहानपणापासून सामान घेऊन जात आलो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हजारो माणसं जमिनीवर बसून नवीन गाणी ऐकताना पाहिली आहेत. कोणाच्या पाठीशी कंपनी नव्हती, सिनेमा नव्हता. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर (1922–2004) हजारो गाणी स्वतः लिहिली आणि गावोगाव फिरून स्वतः गायली. त्या काळी दीक्षाभूमीभोवतीच्या दुकानांत गाण्यांच्या पुस्तिका आणि कॅसेटी विकल्या जायच्या, माणसं पदरच्या पैशानं घ्यायची. खडी गंमत या आपल्या विदर्भातल्या लोककलेचे शाहीरही तेच करत आले. पोरं आज ज्याला इंडी म्हणतात, म्हणजे कंपनीशिवाय स्वतःचं गाणं स्वतः करणं, ते काम या मातीत आधीपासून होत आलं आहे. ऐकणारा कान आपल्याकडे आहे. त्या कानाला बसायला जागा पाहिजे.

जागेचं सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं, ते दिवस सणावारातच संपतात. बंदिस्त सभागृहात, आतल्या आत, लाउडस्पीकरला ही वेळेची बंदी नाही. म्हणून नव्या बँडसाठी मैदान कामाचं नाही, दार लागणारी छोटी खोली कामाची. आणि खोली छोटी असली की सामानही कमी लागतो. लग्नात लोक मला म्हणतात, "भाऊ, अजून दोन टॉप लाव, आवाज डबल पाहिजे." अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तरी आवाज 3 डेसिबलनेच वाढतो, कानाला जेमतेम फरक कळतो. भाडं मात्र डबल होतं. परवाच्या खोलीत माझा निम्माच सामान वाजत होता आणि शेवटच्या रांगेत तिचा श्वास घेतल्याचा आवाज येत होता.

आता पैशाचं. तिकीट 300 रुपये. 72 तिकिटं गेली, म्हणजे 21,600. हॉलचे 5,000, माझे 6,000. पुण्याच्या चौघांचं स्लीपरचं जाणं-येणं साडेचार हजार. बाकी तीन बँडना दीड-दीड हजार. उरलेल्यात पोस्टर, चहा, पाणी. एका बँडमध्ये चार जण धरा, मग माणशी किती आले याचा हिशेब करा. तीन-तीन महिने तालीम करून. आणि कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात माझ्या फोनवर अकरा जणांनी विचारलं, "भाऊ, पास आहे का?" हे अकराही जण मुलाच्या वाढदिवसाला डीजेवर वीस हजार घालणारे. मला त्यांचा राग येत नाही, त्यांना सवयच तशी लागली आहे. शहरात मोठमोठे कार्यक्रम फुकट पासवर होतात, मग गाण्याला पैसे द्यायचे असतात हेच विसरायला होतं. पण मोठ्या कार्यक्रमाचा खर्च कोणीतरी दुसरा उचलतो. या पोट्ट्यांचा खर्च उचलायला फक्त दारावरचं तिकीट आहे.

आणि ते नाही निघालं तर काय होतं, हेही मी पाहिलं आहे. गेल्या वीस वर्षांत माझ्या मॉनिटरसमोर (वाजवणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरसमोर) उभी राहून वाजवलेली किती तरी हुशार पोरं पुण्या-मुंबईला गेली. पुण्यात 2010 मध्ये एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, मोठ्या मैदानावर, हजारोंसमोर. तिथे चढणारे बँड आधी अशाच सत्तर खुर्च्यांच्या खोल्यांमध्ये चुकतमाकत तयार झाले होते. आपण ती खोलीच देत नाही आणि मग नागपुरात टॅलेंट नाही म्हणतो. मला हे फार लागतं.

एक विनंती कार्यक्रम करणाऱ्यांनाही. आठचा कार्यक्रम आठलाच सुरू करा. शेवटची मेट्रो दहाच्या सुमारास जाते. शंकरनगरहून हिंगण्याकडे जाणारी पंधरा-वीस पोरं पावणेदहालाच उठून गेली आणि चौथा बँड अर्ध्या रिकाम्या खोलीसमोर वाजवत होता. माणसं कमी झाली आणि झांजा पुन्हा कानात घुसायला लागल्या, मग मात्र फेडर खाली घ्यावा लागला.

साडेअकराला सामान गाडीत भरत होतो. थंडी चांगलीच होती. मिक्सरवर बसलेला माझा पोरगा, जो एरवी दिवसभर मोबाइलवर रिमिक्स ऐकतो, जिन्यात उभा राहून माइकची केबल गुंडाळत होता. तोंडानं हळूहळू, चाल अर्धी चुकीची, "पंप सुरू हाये, टाकीत पानी नाही." त्यानं ते गाणं एकदाच ऐकलं होतं.

पुढचा कार्यक्रम जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी, तिथेच, तिकीट 300. माझी तीन काढून झाली आहेत, मी, बायको आणि हा पोरगा. मिक्सरवर त्या दिवशी दुसऱ्याला बसवतो.